एक प्रत घराबाहेर

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अड्यार नदीचे पाणी कोट्टूरपुरम, सैदापेटसारख्या वस्त्यांत शिरले. माणसे गच्चीवर गेली. कपाटातले दाखले, खरेदीखते, गुणपत्रिका असे सारे कागद खाली भिजले. पुढे दुय्यम प्रती देण्यासाठी सरकारला खास शिबिरे भरवावी लागली. घरातला संगणक तरी काय कामाचा? तोही त्याच पाण्यात!

म्हणूनच महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घराबाहेर हवी. इंटरनेटवरून फाइल दूरच्या संगणकावर ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोफत मिळते. मात्र ई-मेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात. तेव्हा सुरुवात लग्नाच्या फोटोंनी नको, कागदपत्रांनी करा. रोज पाचच कागद स्कॅन करा आणि फाइलला ‘आई-पॅनकार्ड’ असे ओळखता येईल असे नाव द्या.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधली फाइल संगणकावरून पुसली, की तिकडूनही जाते. ‘ट्रॅश’मध्ये ती ३० दिवसच राहते. दुसरे, स्कॅन म्हणजे मूळ दाखला नव्हे. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्यानेच दिलेला दाखला २०१७ च्या नियमानुसार मूळ कागदाच्या तोडीचा मानला जातो. आपण स्वतः चढवलेली प्रत नाही.

शेवटी, तो फोल्डर घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ‘शेअर’ करून ठेवा. कुलूप भक्कम आणि किल्ली एकाच्याच खिशात, असे व्हायला नको!