खानावळीस बेगमी नको

हंगामात धान्य स्वस्त असते, म्हणून खानावळींनी वर्षाचा माल एकदम भरावा, असा सल्ला आपल्यापैकी कित्येक व्यापारी गिऱ्हाइकांस देतात. आम्ही स्वतः घाऊक धान्याचे व्यापारी असूनही हा सल्ला अहितकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरची बेगमी निराळी. तेथे धान्य उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात व त्यावर घरच्यांची नजर असते. खानावळीच्या कोठीशेजारी मात्र चूल व वाफ असते. त्यात आपल्या बेळगाव भागात जून ते सप्टेंबर हवा दमट. अशा हवेत टोक्यांची एक पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते, आणि अंडी दाण्याच्या पोटात असल्याने वरून दिसत नाहीत. वखारीतल्याप्रमाणे तेथे विषारी धुरीही देता येत नाही. शिवाय सर्व जिनसांचे आयुष्य सारखे नसते. तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो. परंतु रव्यास जाळी धरते, शेंगदाणे खवट होतात. भावात वाचलेला पैसा असा वाया जातो.

म्हणून खानावळीने आठवड्यापुरता, फार तर पंधरवड्यापुरता माल घ्यावा. पोत्यांवर आवकेची तारीख घालावी व आधी आलेला माल आधी काढावा. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याखालील २०११ च्या विनियमांतही हाच क्रम सांगितला आहे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. आचाऱ्यास माल तोलूनच द्यावा व वहीत लिहावा. तूरडाळीची आरंभीची शिल्लक ४० किलो, आवक ६० व जावक ७० असेल, तर शिल्लक ३० हवी. काट्यावर २६ भरली, तर ४ किलोंचा जाब त्याच आठवड्यात विचारता येतो. वर्षाच्या ढिगात ही तूट कोणाच्या ध्यानीही येत नाही.

लहान मागणीस हमाली व गाडीभाडे अधिक पडते, हे खरे. परंतु उधारीवर दिलेला ढीगभर माल किडला, तर गिऱ्हाईक बुडते आणि त्याबरोबर आपली बाकीही. शिवाय कीड पडल्यावर ती मारण्यापेक्षा पडूच न देणे आपल्या अहिंसाव्रतास अधिक साजेसे आहे. तरी सभासद बंधूंनी येत्या हंगामापासून खानावळींची मागणी आठवड्याच्या हिशेबानेच नोंदवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.