हात कोण तपासणार?

भाईंदरहून पहाटेची लोकल गाठून परळच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षी पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासाला लागला, तर त्यास दोष देण्यास आम्ही धजणार नाही. ऑगस्ट २०२५ च्या नीट-पीजी परीक्षेत साडेतीन तासांत २०० प्रश्न सोडवावयाचे होते. शल्यशाखेची जागा मिळणार ती त्या पर्यायांवरील खुणांच्या बळावर. टाका घालणारा हात तेथे कोणीच पाहत नाही.

परिणाम उघड आहे. रुग्णाच्या उशाशी शिकण्याची वर्षे प्रश्नसंचांत जातात. पुष्कळांचे आंतरवासितेचे वर्षही अभ्यासिकेतच सरते. तयारी लवकर हवीच. पण ती वॉर्डात आणि शस्त्रक्रियागृहात. विद्यार्थ्याच्या लॉगबुकला प्रवेशाच्या वेळी काही गुण कां नसावेत? वशिल्याची भीती खरी आहे. परंतु तिजवर उपाय बाह्य परीक्षकांचा आहे, कौशल्याकडे पाठ फिरविण्याचा नव्हे.

२०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली होती. येथे मध्यरात्री आंत्रपुच्छ फुटून आलेल्या रुग्णास गुणवत्तायादीतील क्रमांक वाचवीत नाही; वाचवितो तो कसलेला हात. तो कसावयास अवधी देणे हे शासनाचे कर्तव्य होय.