मकतबात कुटुंब शिकवायचे ते कोणते?

पाथर्डीला धर्मशिक्षण नवे नाही. तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आणि वयाच्या तेराव्या वर्षी मिरीला दीक्षा घेतलेल्या आचार्य आनंदऋषींच्या प्रेरणेने १९३६ मध्ये इथे स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. तिलोक जैन ज्ञानप्रसारक मंडळ त्याही आधीचे, १९२३चे. त्यांच्या शाळेत सगळ्या जातीधर्मांची मुले शिकली आणि शिकतात. आपली मकतबे त्यामानाने साधी. मशिदीच्या आवारात एक चटई, सकाळच्या शाळेआधी किंवा असरनंतर तासभर, नूरानी कायदा, थोड्या दुआ, थोडी सीरत.

मुलांना धर्म शिकवावा की नाही, या वादात मी आज पडत नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क दिला आहे. २८व्या कलमाने सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको म्हटले आहे आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय त्याची सक्ती नको म्हटले आहे. ही व्यवस्था मला मान्य आहे. माझा प्रश्न लहान आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. या चटईवर बसलेल्या मुलांना आपण ‘घर’ म्हणजे काय असे सांगतो?

मकतबात हा विषय ‘वालिदैन के हुकूक’ या नावाने येतो. अम्मी-अब्बूंचे हक्क. अम्मीच्या पायाखाली जन्नत, अब्बूंची आज्ञा. शाळेत तो परिसर अभ्यासात येतो, एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब असे दोन प्रकार सांगून संपतो. दोन्हीकडे गृहीत एकच आहे, की प्रत्येक पोराच्या घरी अम्मी आहे, अब्बू आहेत, दोघे एकत्र आहेत आणि आज संध्याकाळी घरीच असणार आहेत.

पाथर्डीत शिवणकाम करणाऱ्या एका बहिणीने मला सांगितलेली गोष्ट. तिने तीन वर्षांपूर्वी खुला घेतला, आता ती आई आणि भावाबरोबर राहते. मुलगी तिसरीत. शाळेत ‘माझे कुटुंब’ असे चित्र काढायला सांगितले. (शाळेचे नाव देत नाही. मला कोणा एकीशी भांडायचे नाही आणि बाकीच्या शाळा काही वेगळ्या नाहीत.) पोरीने अम्मी काढली, नानी काढली, मामू काढला आणि बकरी काढली. बाईंनी विचारले, अब्बू कुठे आहेत? ती म्हणाली, नाहीत. वारले का? नाही. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, मग काढ की. पोरीने मामूच्या डोक्यावर ‘अब्बू’ लिहिले आणि वही दिली. त्यावर बरोबरची खूण मिळाली. ती बहीण मला म्हणाली, “आपा, झूठ बोलायचं नाही हे मकतबातच शिकवतात ना? मग माझ्या पोरीला झूठ लिहायला का लावलं?” मला उत्तर सुचले नाही.

ही काही एका पोरीची गोष्ट नाही. पाथर्डी हा ऊसतोडीचा तालुका. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात, माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या धंद्यात माणूस मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला. लग्न झाले की कोयता पुरा होतो, म्हणून पोरी लहानपणीच उजवल्या जातात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. या कोयत्यांत मुस्लिम कोयतेही असतात. मागे राहिलेली मुले आजीकडे, चुलत्याकडे, थोरल्या बहिणीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने या मुलांच्या घरात आई-बाप नसतात आणि तरी ते घरच असते. चूल पेटते, कोणीतरी शाळेत पाठवते, कोणीतरी तापात उशाशी बसते. दादीने वाढवलेल्या मुलाला ‘वालिदैन के हुकूक’ पाठ करून घेताना दादीचा हक्क कोणता, हे कोणी सांगते का?

शिवाय टाकलेल्या बायका आहेत. याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ मध्ये ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा कुठे या बायकांना निदान एक नाव मिळाले. विधवा आहेत. नगरला १९८९ पासून स्नेहालय देहविक्रीत अडकलेल्या बायकांच्या मुलांसाठी काम करते आहे. राजेंद्र आणि सुचेता धामणे या डॉक्टर दांपत्याच्या ‘माउली’त रस्त्यावर सापडलेल्या, मनाने विस्कटलेल्या बायका आणि त्यांची मुले एकत्र राहतात. तिथल्या मुलाने ‘माझे कुटुंब’ काढायचे तर कागद पुरणार नाही.

आता सीरतकडे येते, कारण आक्षेप तिथूनच येतो. “हे सगळे मकतबात कशाला? आम्ही दीन शिकवतो.” मी म्हणते, दीनच शिकवा, पण पूर्ण शिकवा. पैगंबरसाहेबांचे वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधी गेले. दूध पाजले हलीमा सादियांनी, वाळवंटातल्या दुसऱ्या कबिल्यात. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब, तेही दोन वर्षांत गेले. मग चुलते अबू तालिब. या सगळ्यात उम्मे ऐमन होत्या, घरातल्या हबशी दासी. त्यांनी त्यांना सांभाळले आणि पैगंबरसाहेब त्यांना पुढे आयुष्यभर आईचा मान देत राहिले. लग्न झाले ते खदीजांशी, ज्या आधी विधवा झालेल्या होत्या, वयाने मोठ्या होत्या आणि स्वतःचा व्यापार चालवत होत्या. त्यांच्या घरात झैद वाढले, चुलत्यांचे अली वाढले. ‘अम्मी-अब्बू आणि दोन मुले’ या चौकटीत यातले काय बसते? इमाम शाफिईंना बापाविना गरिबीत वाढवले ते त्यांच्या आईने. कुरआनातल्या एका संपूर्ण सूरेला हजरत मरियमचे नाव आहे आणि लोकांनी बोट दाखवले तेव्हा त्या आईच्या बाजूने कोण बोलले, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्या गोष्टीचा मोजिझा आपण सांगतो. एकट्या आईला गावाने काय ऐकवले असेल, हे मात्र सांगत नाही.

मूल घेण्याविषयीही असेच. दत्तकाला आपल्याकडे विरोध आहे, १९७२च्या दत्तक विधेयकावरून केवढा गदारोळ झाला होता. पण कुरआनात आधार आहे तो मुलाची ओळख पुसू नये या गोष्टीला. आणि बाप माहीत नसेल तर त्या मुलाला दीनातला भाऊ माना, असेही तिथेच आहे. कफालत, यतीमाचा सांभाळ, याच्या फजिलती आपण जुम्म्याला ऐकतो. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाशमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते. ज्यांना घ्यायचे नाही त्यांच्यावर सक्ती नाही. घेतलेले मूल चटईवर येऊन बसले तर त्याला ‘तू असली नाहीस’ असे कोणी म्हणू नये, इतकीच अपेक्षा आहे.

इथपर्यंत बहुतेक मौलाना माझ्याशी सहमत होतील. पुढचे अवघड आहे आणि ते टाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. दोन पुरुषांचे घर, दोन बायकांचे घर, तृतीयपंथी आईचे घर. यांचे काय?

आधी बर्मिंगहॅमचे सांगते, कारण आपल्याकडच्या मोबाइलवर ते अर्धेच पोचले. तिथल्या पार्कफील्ड शाळेत बहुतेक मुले मुस्लिम. अँड्र्यू मॉफट या शिक्षकाने ‘नो आउटसायडर्स’ नावाचा कार्यक्रम चालवला होता, म्हणजे ‘कोणीही बाहेरचे नाही’. रंग, धर्म, अपंगत्व आणि वेगवेगळी कुटुंबे, असे सगळे त्यात होते. २०१९ मध्ये पालकांनी फाटकावर निदर्शने केली, एके दिवशी शेकडो मुले घरी ठेवली, मार्चमध्ये कार्यक्रम थांबला. पालकांशी बोलणी होऊन तो नंतर सुधारित रूपात सुरू झाला. त्याच शहरातल्या अँडरटन पार्क शाळेबाहेरचे प्रकरण जास्त चिघळले. नोव्हेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने शाळेजवळच्या निदर्शनांवर बंदी घातली आणि शाळेत काय शिकवले जाते याविषयी आंदोलकांनी चुकीचे चित्र उभे केले, असे नोंदवले. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडच्या सर्व प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे आहे. धर्मावर चालणाऱ्या शाळांना आपली धार्मिक भूमिका सांगण्याची मुभाही त्यातच आहे. पालकांना आधी विश्वासात घेतले असते तर बरेच टळले असते, असे मला वाटते. पण फाटकावर कर्णा घेऊन उभ्या राहिलेल्या मोठ्यांच्या मधून वाट काढत सहा वर्षांची मुले वर्गात गेली, याचेही समर्थन मला करता येत नाही.

आपल्याकडे कायदा अजून अर्ध्या वाटेवर आहे. २०१४च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख दिली. त्या खटल्यातल्या एक याचिकाकर्त्या आपल्या महाराष्ट्रातल्या गौरी सावंत. एड्सने आई गेलेल्या एका मुलीला त्यांनी वाढवले. २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कुटुंब म्हणजे आई-बाप-मुले एवढेच नव्हे. एकटे पालक, पुनर्विवाह, दत्तक, लग्नाविना सोबत, समलिंगी नाती, सगळी संरक्षणाला पात्र आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मात्र नाकारला.

माझे मत असे. या नात्यांविषयी इस्लामी फिक्ह काय म्हणते, ते मकतब सांगेल. तो त्याचा अधिकार आहे. पण ‘आमच्या दीनात हे जायज नाही’ हे वाक्य आणि ‘ते लोक घाणेरडे, त्यांच्या पोरांशी खेळू नका’ हे वाक्य, ही दोन वाक्ये एक नाहीत. दुसऱ्या वाक्याला कुठल्याही धर्माच्या शाळेत जागा नसावी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शरीरसंबंध शिकवण्याचा यात प्रश्नच नाही. अशी माणसे आहेत, त्यांची घरे आहेत, त्या घरातले मूल तुझ्या शेजारी बसू शकते, एवढी माहिती त्याच्या वयाला पुरते. मूल स्वतःच पुढे तसे निघाले तर? तृतीयपंथीयांच्या बहुतेक हकिकती घरातून हाकलले जाण्यापासून सुरू होतात, आपल्याही मोहल्ल्यातल्या.

यावर मला मिळणारे उत्तर ठरलेले असते. “आधीच आपल्यावर कमी आहे का? त्यात तुम्ही हे काढता.” ती भीती खोटी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच तालुक्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी करण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो टिकू दिला नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या यात्रेत दुकान लावणाऱ्या माणसाच्या पोटात जो गोळा आला तो आलाच. बाहेर असे चालले असले की माणूस घराला तटबंदी करतो. घरातले काहीही बदलू देत नाही.

पण याच अनुभवामुळे आपल्याला हे लवकर कळायला हवे. ‘चार बायका आणि पंचवीस पोरे’ ही चेष्टा वर्गात ऐकून गप्प बसलेले मूल आपल्यातल्या किती घरांत आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकाहून जास्त बायका असलेल्या नवऱ्याचे प्रमाण विवाहित मुस्लिम स्त्रियांनी १.९ टक्के आणि हिंदू स्त्रियांनी १.३ टक्के सांगितले. आकडे जवळजवळ सारखे आहेत. चेष्टा एकाच्याच वाट्याला येते. आपल्या घराचे व्यंगचित्र दुसऱ्याने काढले की कसे लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने दुसऱ्याच्या घराचे काढताना हात थांबवावा. आणि ही मागणी मी जिल्हा परिषदेच्या, जैनांच्या, मिशनच्या, सगळ्याच शाळांकडे करते. सुरुवात आपल्या चटईपासून करते, कारण तिच्यावर आपला हक्क आहे.

करायचे फार अवघड नाही. मकतबाच्या प्रवेशाच्या कागदावर ‘वडिलांचे नाव’ हा एकच रकाना असेल तर त्याजागी ‘आईचे नाव’ आणि ‘सांभाळ करणारे’ असे दोन करावेत. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर आईचे नाव बंधनकारक केलेच आहे, अनाथांना त्यातून सूटही दिली आहे. आपण सरकारच्या मागे राहायचे कारण नाही. फीसाठी किंवा सुटीसाठी निरोप धाडताना ‘अब्बूंना सांग’ ऐवजी ‘घरी सांग’ म्हणावे. ‘वालिदैन के हुकूक’ शिकवताना दादी, नानी, खाला, चुलता, वसतिगृहातल्या बाई यांचाही हक्क सांगावा. मशिदीच्या कमिटीत निदान एक बाई असावी. ही मागणी जुनी आहे आणि या विषयात तिच्याशिवाय चालणार नाही.

आणि रबीउलअव्वलमध्ये सीरतच्या जलशात मुलांकडून भाषणे करून घेतात, तेव्हा यंदा एखाद्या मुलीला हलीमांवर बोलू द्यावे, एखाद्या मुलाला उम्मे ऐमनवर. भाषणे मोठीच माणसे लिहून देतात, त्यामुळे हे सांगणे त्यांनाच आहे.