अक्षराच्या पोटातली रेघ

अक्षरकला हे आमचं खातं नव्हे. आमची खाती तीनच : बचत, चालू आणि मुदत ठेव. त्यातून मी बी.कॉम. म्हणजे सौंदर्याशी माझा संबंध ताळेबंद जुळण्यापुरता. तरीही आज मला एका रेघेविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवायची आहे. फोटोशॉपमध्ये शोभेसाठी अक्षराच्या पोटातून काढतात ना, ती रेघ.

माझी बदली महाबळेश्वरला झाली तेव्हा जो तो म्हणाला, "मजा आहे बुवा!" ही मंडळी मार्चात येऊन स्ट्रॉबेरी खाऊन जातात. जुलैतलं महाबळेश्वर त्यांनी पाहिलेलं नसतं. तसं ते मीही पाहिलेलं नाही, कारण ते दिसतच नाही. धुकं असं, की छत्रीची मूठ हाती लागते. वरची छत्री गृहीत धरावी लागते.

अशाच एका संध्याकाळी सौ.ला सणसणून ताप भरला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाजारातनं सरळ जावा साहेब. डाव्या हाताला डॉक्टरांची नवीकोरी पाटी हाय." तापलेल्या बायकोला धरून मी त्या पाटीखालून दोनदा पुढे गेलो. पाटीवर वाचता येत होतं 'दबारवाना'. मला वाटलं, एखादं मोगलाई हॉटेल असेल! तिसऱ्या खेपेला कंपाउंडरच बाहेर आला. "या, या. दवाखानाच आहे. सगळे असेच पुढे जातात."

'सगळे' हा शब्द मला टोचला. या सगळ्यांत कुणी छातीत कळ आलेलाही असेल की!

पुढे एका फ्लेक्सवाल्या पोरानं मला ती जादू करून दाखवली. अक्षर निवडायचं, निवड आठ-दहा पिक्सेल आत ओढायची आणि तिथं पांढरी रेघ भरायची. मग बाहेरून जाड कड, कडेला सावली. मिनिटभराचं काम. पण यंत्र चहूबाजूंनी सारखंच आत सरकतं. रोमन लिपीतल्या ठोकळेबाज मोठ्या अक्षरांत ते खपून जातं. आमच्या देवनागरीत शिरोरेघेची जाडी वेगळी, कान्याची वेगळी, गाठीची त्याहून वेगळी. बाहेरची कड 'व'च्या पोटात शिरते आणि पोट भरलं की 'व'चा 'ब' होतो. 'ख' कुणी 'रव' वाचू नये म्हणून जाणत्यांनी त्याचे पाय खाली जोडले होते. त्या जोडावरच पांढरी रेघ बसली. झाली सुधारणा रद्द!

अहो, पेंटरही अक्षरात रेघ काढायचे. पण उजेड कुठल्या बाजूनं येतो ते बघून, फक्त जाड कान्यात, आणि गाठ आली की ब्रश उचलून. ती रेघ अक्षराला उठाव द्यायची, त्याचं पोट फाडत नव्हती. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं हातानं रेखली. अक्षरं नटलेली असत, पण नाव वाचता आलं नाही म्हणून कुणी दुसऱ्याच नाटकाला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. माझं भांडण कॉम्प्युटरशीही नाही. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडवलाच की! यंत्र तेच, फक्त मागचा माणूस अक्षर ओळखणारा होता.

२०२२ साली महाराष्ट्रात कायदा दुरुस्त झाला : दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. उत्तम झालं. पण कायदा पट्टी घेऊन अक्षराची उंची मोजतो. ते वाचता येतं का, हे धुक्यात उभं राहून आपणच बघायला हवं. हातभर उंचीचा 'दबारवाना' कायद्यात बसतो, रोगी मात्र रस्त्यावर राहतो.

रेघ मारायला माझी ना नाही. आम्हीही चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारतो. त्या मारल्या की पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. म्हणजे रेघेला काहीतरी काम असतं. पाटीचा अर्थ मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला जागच्या जागी, रोख मिळाला पाहिजे. तिथं कसल्या रेघा मारता?

सौ.चा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. माझा अजून आहे.