पडद्यावरचा फुटबॉल : गुण किती, दोष किती?

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की टेंभुर्णी परिसरातील घराघरांत खरेदीच्या याद्या निघतात. ठिबकचा संच, दुचाकी, मुलीसाठी एखादा दागिना, घराची रंगरंगोटी हे विषय त्यात पूर्वापार असतात. अलीकडे मुलांच्या आग्रहाने या यादीत एका वस्तूची भर पडू लागली आहे, ती म्हणजे प्लेस्टेशन. तापखोकल्यासाठी आलेले पालक औषधाची चिठ्ठी घेऊन उठता उठता विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरगं फुटबॉलचा गेम मागतंय. डोळं बिघडत्यात का ओ त्यानं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. सरसकट 'वाईट' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मुले आपल्यापेक्षा या खेळाविषयी अधिक जाणतात आणि न पाहता दिलेला निकाल ती मनावर घेत नाहीत. म्हणून आज या खेळाचे गुण आणि दोष वैद्यकीय तराजूत घालून पाहू.

हा खेळ आहे तरी काय?

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम आठवत असेल. कॅसेट काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, असा तो काळ होता. त्याच काळात, १९९३ साली, ईए या अमेरिकी कंपनीने 'फिफा' या नावाचा फुटबॉलचा पहिला गेम काढला. पुढे तीस वर्षे तो त्याच नावाने दरवर्षी नव्याने येत राहिला. जागतिक फुटबॉल संघटनेशी असलेला नावाचा करार संपल्यावर २०२३ पासून तो 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने विकला जातो. मुले मात्र अजूनही 'फिफा'च म्हणतात.

प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. गेमची डिस्क वेगळी घ्यावी लागते. तिलाही चार-पाच हजार रुपये पडतात.

या यंत्रावरचे चित्र पाहून थक्क व्हायला होते, हे मान्य केले पाहिजे. 'फिफा २२' या आवृत्तीसाठी २२ खऱ्या खेळाडूंच्या अंगावर हालचाली टिपणारे पोशाख चढवून त्यांना पूर्ण सामना खेळायला लावले आणि त्या हालचाली पडद्यावरच्या खेळाडूंना दिल्या. त्यामुळे धावणे, वळणे, उडी मारून डोक्याने चेंडू मारणे हे सारे नैसर्गिक दिसते. हातातल्या रिमोटलाही बारीक कंप जाणवतो आणि खेळाडू दमला की त्याचे बटण दाबायला जड लागते.

गुणांचे पारडे

पहिला गुण असा की, या खेळात मारामारी नाही, बंदुका नाहीत, रक्त नाही. मुलाच्या हाती व्हिडिओ गेम जाणारच असेल तर गोळीबाराच्या गेमपेक्षा फुटबॉलचा गेम मी केव्हाही पसंत करीन.

दुसरा गुण म्हणजे तो खेळ शिकवतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो यांची परंपरा आहे. फुटबॉलचा सामना प्रत्यक्ष पाहिलेली मुले थोडी. तरीही आठवी-नववीतली मुले 'ऑफसाइड' म्हणजे काय ते नीट समजावून सांगतात. ही विद्या बहुतेकांनी या गेमवरूनच मिळवली आहे. संघाचा व्यवस्थापक होऊन ठरावीक रकमेत खेळाडू घेणे, दमलेल्याला विश्रांती देणे, जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरवणे यात हिशेब आणि विचार दोन्ही लागतात.

तिसरा गुण मुलींच्या बाबतीत आहे. २०१५ च्या आवृत्तीत महिलांचे राष्ट्रीय संघ प्रथम आले आणि पुढे महिलांचे क्लबही आले. 'फुटबॉल पोरांचाच' हा समज त्यामुळे थोडा तरी सैल होतो. २०२१ च्या आवृत्तीत आपल्या इंडियन सुपर लीगचे संघही होते.

चौथा मुद्दा मोबाइलच्या तुलनेतला आहे. मुलगा मोबाइल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतो, तर टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो. डोळ्यांवरचा जवळचे पाहण्याचा ताण त्यामुळे कमी होतो. शिवाय टीव्ही घरातल्या माणसांसमोर असतो. पांघरुणात शिरून तो पाहता येत नाही.

व्हिडिओ गेममुळे नजर आणि हात यांचा मेळ सुधारतो, असेही सांगितले जाते. ते अगदीच खोटे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, व्हिडिओ गेम खेळणाऱ्या शल्यविशारदांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात कमी चुका झाल्याचे आढळले. पण म्हणून गेम खेळणारा प्रत्येक मुलगा सर्जन होईल, असा अर्थ कुणी काढू नये.

दोषांचे पारडे

आता दुसरी बाजू. मैदानावर फुटबॉल खेळताना शरीर स्वस्थ बसण्याच्या तुलनेत सात ते दहा पट ऊर्जा खर्च करते. रिमोट घेऊन खेळताना हा खर्च बसण्यापेक्षा किंचितच अधिक असतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पडद्यावर पंचवीस गोल केले तरी त्यातले एक मिनिटही भरून निघत नाही.

डोळ्यांविषयी सांगायचे तर गेममुळे डोळे 'जातात' असे नाही. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. खरा धोका मूल उजेडात बाहेर पडत नाही यात आहे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त मैदानावर नेले. तीन वर्षांनी पाहता, जी मुले नेहमीप्रमाणेच राहिली त्यांच्यात शंभरातील सुमारे चाळीस मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते. बाहेर नेलेल्या मुलांत हे प्रमाण तीसच्या आसपास होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

अंगठ्याच्या मुळाशी मनगटाकडे दुखणे, मान आखडणे, पाठीला पोक येणे या तक्रारी तासन् तास खेळणाऱ्यांत दिसतात. ज्यांना फिट येते अशा काही थोड्या मुलांना झगमगत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानात दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमधल्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. घरात फिटचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

थकव्याची शिट्टी

पण माझ्या मते सर्वांत मोठा दोष याहून वेगळा आहे. मैदानावरचा खेळ आपोआप थांबतो. पाय भरून येतात, धाप लागते, तहान लागते, दिवस मावळतो, चेंडू कुणाच्या तरी उसात जातो. थकवा हा शरीराने नेमलेला पंचच आहे. त्याने शिट्टी वाजवली की खेळ संपतो, मूल घरी येते, दोन भाकरी जास्त खाते आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपते.

पडद्यावरच्या खेळात गंमत अशी की, तेथील खेळाडू सत्तराव्या मिनिटाला दमतो, पण त्याला पळवणारा मुलगा दमत नाही. शिट्टी वाजवणारा पंचच त्या खोलीत नाही. रात्री अकराला सुरू केलेला 'शेवटचा सामना' एक वाजेपर्यंत शेवटचाच राहतो. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. ती मिळाली नाही की सकाळी डोके जड होणे, चिडचिड, भूक मंदावणे, वर्गात लक्ष न लागणे ही साखळी सुरू होते. अशी मुले 'टॉनिक लिहून द्या' म्हणून माझ्याकडे आणली जातात. टॉनिकच्या बाटलीत झोप नसते.

आता या न थांबणाऱ्या खेळाला पैशाची जोड कशी मिळते ते पाहा. या गेममध्ये 'अल्टिमेट टीम' नावाचा प्रकार आहे. त्यात खेळाडूंच्या चित्रांची बंद पाकिटे उघडून आपला संघ बांधायचा असतो. पाकिटे खेळूनही मिळतात आणि खरे पैसे भरूनही घेता येतात. आत मेस्सी निघेल की कुणी अनोळखी, हे नशिबावर. जत्रेतल्या सोडतीच्या चिठ्ठीसारखाच हा मामला आहे. आणखी वाईट म्हणजे पुढच्या वर्षी नवा गेम आला की जमवलेला संघ त्यात नेता येत नाही. पुन्हा शून्यापासून सुरुवात!

बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली अशी विकतची पाकिटे जुगारात मोडतात असे ठरवले आणि २०१९ च्या जानेवारीअखेर कंपनीने तेथे त्यासाठीची विक्री थांबवली. उलट नेदरलँड्समध्ये २०२२ साली वरिष्ठ न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. डॉक्टर या नात्याने मी इतकेच म्हणेन की, 'पुढच्या पाकिटात नक्की निघेल' ही ओढ कोवळ्या मेंदूला लावणे हितावह नाही. ज्या यंत्राला वडिलांच्या बँकेचे कार्ड जोडलेले आहे, तेथे हा प्रश्न प्रकृतीचा राहत नाही, संसाराचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार घातला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा वाटणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, ही त्याची तीन लक्षणे. ती साधारणपणे वर्षभर टिकली आणि अभ्यास, घर, मैत्री यांची घडी त्यामुळे विस्कटली, तरच निदान करतात. सुट्टीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला 'व्यसनी' म्हणू नये. लक्षणे खरोखर दिसली तर मात्र लाजू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

मग घ्यावे की नाही?

परवडत असेल आणि पुढील पथ्ये पाळायची तयारी असेल तर घ्यावे. नसेल तर घेऊ नये, कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये.

१) यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवावे, मुलाच्या खोलीत नको. टीव्हीपासून आठ-दहा फूट अंतर आणि खोलीत दिवा हवा.

२) वेळ मिनिटांत सांगू नये, सामन्यांत सांगावी. नेहमीच्या मांडणीत एक डाव सहा मिनिटांचा असतो, म्हणजे एक सामना पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. शाळेच्या दिवशी दोन सामने पुरेत. सामन्याच्या मध्येच वायर उपसू नये. समोर दुसरा खेळाडू असेल तर ती हार धरली जाते आणि भांडण विनाकारण वाढते. "हा सामना झाला की ऊठ" असे सांगितले तर मुले ऐकतात.

३) मुलाचे खाते 'लहान मूल' म्हणूनच उघडावे. प्लेस्टेशनमध्ये खेळण्याची वेळ आणि महिन्याचा खर्च पालकांना ठरवून देता येतो. खर्चाच्या जागी शून्य घालावे.

४) झोपेच्या एक तास आधी यंत्र बंद. परीक्षा असो वा सुट्टी, या नियमाला अपवाद नको.

५) आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्या उन्हात मुलांना मैदानावर पाठवा असे मी सांगणार नाही. ती वेळ गेमला द्यावी. पण ऊन उतरले की तास-दीड तास मैदान, ही अट ठेवावी.

६) सर्वांत महत्त्वाचे. यंत्राआधी खरा चेंडू घ्यावा. चारपाचशे रुपयांत तो मिळतो. आठ-दहा मुलांना वर्षभर पुरतो आणि दर सप्टेंबरला नवा घ्यावा लागत नाही.

फुटबॉल आपल्या मातीत रुजत नाही, असेही कुणी समजू नये. कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा प्रेक्षकांनी मैदान भरून जाते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. कुस्तीच्या गावातून फुटबॉलपटू घडतो, तर माढा तालुक्यातून का घडू नये? आपल्या शाळांना मैदाने आहेत, मुलांना खेळाचे वेडही आहे. गेमवरून नियम शिकलेल्या मुलांना मैदानावर उतरवायला एखादा उत्साही शिक्षक आणि गोलखांबांसाठी चार बांबू पुरेसे आहेत.

तेव्हा पालकांनो, या गेमकडे सिनेमा किंवा कादंबरीसारखी करमणूक म्हणून पाहा. तो व्यायाम आहे असे समजू नका आणि विष आहे असेही समजू नका. थकव्याची शिट्टी त्या यंत्रात नाही, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना वाजवावी लागेल. आणि शिट्टी वाजवणाऱ्याने स्वतःचा मोबाइलही त्या वेळी बाजूला ठेवला, तर निकाल लवकर मानला जाईल.