एक ना धड, भाराभर चिंध्या?

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहें आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. गांवें दोन, परंतु नगरपरिषद एक, आणि तिचें नांवही जोडनांवच: रोहा-अष्टमी. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अष्टमीस एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. हे स्नेही माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वय ऐशींच्या घरांत. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें असा भरला संसार. आम्ही पोहोंचलों त्या संध्याकाळीं या भरल्या घरांत एक वाद रंगांत आला होता, आणि आजच्या लेखाचा विषय आम्हांस तेथेंच मिळाला.

वाद होता नातीच्या संशोधनाविषयीं. मुलीनें कायद्याची पदवी घेतली आहे व आतां ती प्रबंध लिहूं इच्छिते. विषय तिनें असा निवडला आहे: औषधांच्या व्यापाराचे कायदे, औषधाविषयीं सामान्य माणसास मिळणारें शिक्षण, आणि औषध घेणाऱ्या रोग्याचें मन, या तिहींचा परस्परांशीं संबंध काय? आजोबांनीं निकाल देऊन टाकला होता. "एक ना धड, भाराभर चिंध्या! वकील व्हावयाचें तर वकील हो, शिक्षिका व्हावयाचें तर शिक्षिका हो. तीन दगडांवर पाय ठेवून कोणी नदी उतरला आहे काय?" नात नम्रपणें, परंतु न कचरतां म्हणाली, "आजोबा, नदीचें ठाऊक नाहीं, पण चुलीला तीनच दगड लागतात." थोरल्या सूनबाई पदरानें हंसूं झांकीत आंत गेल्या आणि वाद तेवढ्यापुरता थांबला.

आमचें मन त्या वेळीं कोणत्याच पक्षाकडे पूर्णपणें झुकलें नव्हतें. आजोबांची भीति निराधार नाहीं. चार शास्त्रांतील चार शब्द उचलून पांडित्य मिरविणारे लोक आपण सर्वांनींच पाहिले आहेत. उलट, जीवनांतील प्रश्न विद्यापीठांतल्या खात्यांच्या भिंती पाहून येत नाहींत, हें मुलीचें म्हणणेंही खोटें नव्हे. या वादाचा निर्णय आमच्या डोळ्यांदेखत लागला, आणि तो कोणा पंडितानें नव्हे, तर औषधाच्या एका लहानशा गोळीनें लावला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पडवींत वर्तमानपत्र वाचतां वाचतां आजोबांस घेरी आली. सुदैवानें थोरला मुलगा जवळच होता, त्यानें सांवरलें. डॉक्टर आले, रक्तदाब मोजला गेला, आणि तो पुष्कळच चढलेला आढळला. डॉक्टरांनीं विचारलें, "गोळी रोज घेतां ना?" "रोज, न चुकतां," आजोबा म्हणाले. सूनबाईंनींही दुजोरा दिला, कारण गोळ्यांची पट्टी त्याच आणवीत असत व ती वेळेवर संपत असे. डॉक्टर बुचकळ्यांत पडले आणि औषध वाढविण्याची भाषा बोलूं लागले.

दुपारीं नात आजोबांच्या खाटेशीं जाऊन बसली. तिनें "गोळी घेतलीत का?" हा प्रश्न विचारलाच नाहीं. तिनें विचारलें, "आजोबा, गोळी हातांत घेतां तेव्हां मनांत काय येतें?" म्हातारा गृहस्थ बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें उशाशीं असलेल्या पानाच्या डब्याकडे बोट दाखविलें. डब्याच्या खालच्या कप्प्यांत, सुपारीच्या खांडांमध्यें, मोडलेल्या अर्ध्या गोळ्या सांठलेल्या होत्या. "बरें वाटत असतां रोज विष कशाला पोटांत घालावयाचें? आणि एकदा शरीरास संवय लागली कीं गोळी जन्मांत सुटत नाहीं, असें ऐकतों. अर्धीवर भागत होतें. डॉक्टरांस सांगावें तर, बाळ, जन्मभर मुलांचा गृहपाठ तपासला. आतां माझाच गृहपाठ अर्धा राहिला हें कोणत्या तोंडानें सांगूं?"

आतां या घटनेकडे एकेका शास्त्राच्या दृष्टीनें पाहूं.

प्रथम कायदेपंडितास विचारलें तर तो म्हणेल, माणूस औषध अर्धें घेतो तो किंमतीमुळें. हें कारण पुष्कळ घरीं खरें असतें. आपल्या देशांत १९११ च्या कायद्यान्वयें औषधाच्या वस्तूवरच पेटंट मिळत असे व त्याची मुदत १६ वर्षें होती. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं या कायद्याचा कसून अभ्यास केला व १९५९ सालीं अहवाल दिला. त्याच्या आधारें १९७० चा कायदा झाला व तो १९७२ पासून अमलांत आला. या कायद्यानें औषधाच्या वस्तूवरील पेटंट बंद केलें. केवळ तें तयार करण्याच्या कृतीवर ठेवलें, आणि तेंही फार तर सात वर्षें. तेव्हां दुसऱ्या कृतीनें तेंच औषध बनविण्यास देशी कारखानदार मोकळे झाले व किंमती उतरल्या. पुढें १ जानेवारी १९९५ रोजीं जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या करारास अनुसरून २००५ पासून औषधाच्या वस्तूवरील पेटंट २० वर्षांच्या मुदतीनें परत आलें. मात्र जुन्याच औषधांत किरकोळ फेरफार करून नवें पेटंट मागणारांस आळा घालणारें कलम आपल्या लोकसभेनें त्यांत घातलें, आणि १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोव्हार्टिसच्या खटल्यांत तें उचलून धरलें.

या कायद्याचा घरच्या चुलीशीं किती निकटचा संबंध आहे पाहा. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधास बायर कंपनीच्या दरानें महिन्यास सुमारें २,८०,००० रुपये पडत. ९ मार्च २०१२ रोजीं पेटंट नियंत्रकांनीं हैदराबादच्या नॅटको कंपनीस तें बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. अट अशी कीं, महिन्याच्या औषधाची किंमत ८,८८० रुपयांहून अधिक नसावी व मूळ कंपनीस विक्रीवर ६ टक्के मोबदला द्यावा. ज्या घरांत असा रोगी असेल त्या घरास कायद्याचें एक कलम म्हणजे घर गहाण पडणें अथवा न पडणें होय.

परंतु आमच्या स्नेह्यांची गोळी पेटंटच्या मुदतींतून केव्हांच सुटलेली, स्वस्त गोळी होती. घरांत पैशाची ददात नव्हती. म्हणजे कायद्याचें उत्तर सर्वथा खरें असूनही येथें लागू पडत नव्हतें.

मग शिक्षणशास्त्रज्ञ म्हणेल, रोग्यास औषधाचें ज्ञान नाहीं. हेंही हजारों घरीं खरें आहे. गोळ्यांच्या पट्टीवरील अक्षरें बारीक, बहुधा इंग्रजी, आणि चंदेरी कागदावर चमकणारीं. ज्यांस तीं वाचतां येत नाहींत अशा आजीबाई गोळ्या रंगावरून व आकारावरून ओळखतात, आणि औषधाच्या दुकानांतून दुसऱ्या कंपनीची गोळी आली कीं घोंटाळा होतो. परंतु आमचे स्नेही तर चाळीस वर्षें इंग्रजी शिकविलेले! पट्टीवरील अक्षर न् अक्षर त्यांनीं वाचलें होतें. दुष्परिणामांची यादी वाचूनच तर त्यांच्या भीतीस बळ आलें. ज्ञान कमी नव्हतें. तें एकांगी होतें.

उरला तो मनाचा अभ्यासक. इंग्लंडांत रॉबर्ट हॉर्न व त्यांचे सहकारी जॉन वाइनमन यांनीं १९९९ सालीं असें दाखविलें कीं, दीर्घकाळ औषध घेणारा रोगी आपल्या मनांत एक तागडी धरून असतो. एका पारड्यांत "या औषधाची मला गरज किती?" आणि दुसऱ्यांत "या औषधापासून मला धोका किती?" जें पारडें जड, तसें त्याचें वागणें. रक्तदाब हा विकार बहुधा दुखत नाहीं, म्हणून गरजेचें पारडें हलकें. आणि ऐकीव गोष्टींनीं भीतीचें पारडें भरलेलें. त्यांत मास्तरकीचा संकोच मिळाला म्हणजे अर्ध्या गोळ्या पानाच्या डब्यांत कां गेल्या, याचा उलगडा होतो.

हें कांहीं एकट्या अष्टमीच्या आजोबांचें वैगुण्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ च्या अहवालांत म्हटलें आहे कीं, संपन्न देशांतही जुनाट दुखण्यांचे रोगी सरासरीनें निम्मेच औषध नीट घेतात. आपल्याच देशांत याचा अनुभव त्याहून कितीतरी आधीं आलेला होता. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयाच्या औषधोपचारांचें संशोधन करणारें केंद्र निघालें. औषध घेऊन घरीं राहणारा क्षयरोगी आरोग्यधामांतील रोग्याइतकाच बरा होऊं शकतो, असें १९५९ मध्यें त्या केंद्रानें सिद्ध केलें व जगभर उपचाराची दिशा पालटली. परंतु त्याच संशोधकांस दुसरीही एक गोष्ट आढळली: खोकला थांबला, अंगीं शक्ति आली कीं रोगी गोळ्या सोडून देतो. तेव्हां ते अवचित घरीं जाऊन गोळ्या मोजूं लागले व लघवी तपासूं लागले. पुढें रोग्यानें दुसऱ्याच्या समक्ष गोळी घ्यावी ही पद्धति जगभर रूढ झाली, तिचें मूळ येथें आहे. औषध सांपडलें, स्वस्त झालें, घरीं पोहोंचलें. तरी तळहातापासून घशापर्यंतचें वीतभर अंतर उरलेंच होतें!

तात्पर्य, कायदा गोळी दारापर्यंत आणतो, शिक्षण ती ओळखावयास शिकवितें, आणि मन ती गिळतें किंवा मोडून डब्यांत टाकतें. तिहींपैकीं एकानेंच पाहिलें असतें तर आमच्या स्नेह्यांस एक तर पैसे देऊं केले असते, किंवा माहितीपत्रक वाचावयास दिलें असतें, किंवा औषध दुप्पट केलें असतें. हा तिसरा उपाय तर त्या दिवशीं होतां होतां राहिला.

असा व्यापक अभ्यास करणारे लोक आपल्याकडे झाले नाहींत असें नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील बहिरेवाडीस १९०७ मध्यें जन्मलेले जे. पी. नाईक यांस आपण शिक्षणतज्ज्ञ म्हणून ओळखतों. १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. परंतु सामाजिक विज्ञानांची व वैद्यकाची अशा दोन राष्ट्रीय संशोधन परिषदांनीं मिळून १९८१ मध्यें "सर्वांसाठीं आरोग्य" या विषयावर जो अहवाल काढला, त्यांतही त्यांचा मोठा वाटा होता. आरोग्य हें केवळ डॉक्टर व दवाखाने यांचें काम नसून अन्न, पाणी, दारिद्र्य व शिक्षण यांशीं तें जखडलेलें आहे, हें त्या अहवालाचें सूत्र. आणि रोह्याच्या महाविद्यालयास ज्यांचें नांव दिलेलें आहे ते चिंतामणराव देशमुख तर सर्वांच्या परिचयाचे. केंब्रिजला वनस्पतिशास्त्रांत पारितोषिक, १९१८ मध्यें आय. सी. एस. परीक्षेंत पहिला क्रमांक, १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ मध्यें ब्रेटन वुड्सच्या परिषदेंत हिंदुस्थानचे प्रतिनिधि, मग अर्थमंत्री, आणि १९५६ पासून विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. संस्कृताचा व्यासंग शेवटपर्यंत.

मात्र या उदाहरणांतूनच आजोबांच्या म्हणण्यांतील सत्यांशही दिसतो. देशमुखांनीं आधीं एक विषय मुळापासून पचविला, नंतर दुसऱ्यास हात घातला. नाईक आधीं शिक्षणांत मुरले. तेव्हां बहुशास्त्रीय संशोधन करूं म्हणणाऱ्या मुलामुलींस आमचें सांगणें इतकेंच कीं, निदान एक शास्त्र तरी असें शिकावें कीं त्यांत चूक दाखविण्यास त्या शास्त्राच्या जाणत्यासही परिश्रम पडावे. दुसऱ्या शास्त्राचे शब्द उचलण्यापूर्वीं त्यांतील जाणत्यांपाशीं बसावें. आणि तिन्ही शास्त्रें कशासाठीं एकत्र आणलीं तो प्रश्न एका वाक्यांत सांगतां यावा. प्रश्न एक असेल तर शास्त्रें तीन असलीं तरी चालतात. प्रश्नच तीन असतील तर मात्र आजोबांची म्हण खरी होते.

घरांतील वडील मंडळींसही दोन शब्द. आपल्या घरीं रोज गोळी घेणारें कोणी असेल तर "घेतलीत का?" एवढेंच विचारून थांबूं नका, त्या प्रश्नाचें उत्तर नेहमीं "हो" असेंच येतें. गोळी घेतांना काय वाटतें, कशाची भीति वाटते, हें निवांत वेळीं विचारा. रागावूं मात्र नका. नाहीं तर डबा फक्त बदलेल. आणि गोळी कमी करणें, सोडणें हें डॉक्टरांस विचारल्यावांचून कदापि करूं नये.

आमच्या स्नेह्यांनीं दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांस सर्व कांहीं सांगितलें. डॉक्टर रागावले नाहींत. वाढविलेलें औषध त्यांनीं परत घेतलें आणि पूर्वीचीच गोळी, परंतु पुरी, घेण्यास सांगितलें. आम्ही निघालों तेव्हां आजोबा नातीस म्हणत होते, "तुझ्या प्रबंधांत माझें नांव घालूं नकोस हो. पण डब्याची गोष्ट घातलीस तर हरकत नाहीं." थोरल्या सूनबाई ओसरीवर जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करतां म्हटलें, "चिंध्याच आहेत, पण टांका नीट पडला कीं थंडी राहते."