गाडी घरची, खर्च दुकानाचा



३१ मार्च उलटला की व्यापारी घरांतून एक प्रश्न हमखास येतो : “काका, गाडीचा खर्च दाखवता येतो ना?” विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी तीन-चार प्रश्न दडलेले असतात आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय मूळ प्रश्न सुटत नाही.

वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या नालवाडीतील कोणतेही व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दारातली एकच गाडी सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारी देवळी-पुलगावला वसुलीसाठी जाते आणि रविवारी नातलगांच्या लग्नासाठी नागपूर गाठते. यांपैकी फक्त वसुलीच्या फेरीचा खर्च आयकर कायदा व्यवसायाचा मानतो. व्यवसायासाठी, आणि केवळ व्यवसायासाठी केलेला खर्च वजा होतो, हे कलम ३७ चे सूत्र आहे. मालमत्ता अंशतः खाजगी वापरात असेल तर वजावटही त्या प्रमाणात कमी करावी, असे कलम ३८ सांगते.

तथापि गाडीचा विचार करण्यापूर्वी आपण विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरतो, हे पाहिले पाहिजे. पुष्कळ लहान व्यापारी कलम ४४ एडी खालील अनुमानित नफ्याची पद्धत स्वीकारतात. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत, ही सोय मिळते. बँकेमार्फत आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के व रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के नफा दाखवला की काम संपते. मात्र या पद्धतीत दुकानभाडे, पगार, पेट्रोल, घसारा हे सर्व खर्च आधीच दिले गेले असे मानले जाते. अशा व्यापाऱ्याने पेट्रोलच्या पावत्यांची थैली भरून ठेवली, तरी एक रुपयाचीही वेगळी वजावट मिळणार नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. त्या वर्षांचा घसारा ‘मिळाला’ असे मानून गाडीची कागदोपत्री किंमत दरसाल उतरत राहते. ८ लाखांची गाडी पूर्ण दराने पाच वर्षे घसरली की वहीतील किंमत सुमारे ३ लाख ५५ हजार उरते. पुढे ती साडेचार लाखांना विकली आणि त्या गटात दुसरी मालमत्ता नसेल, तर वरचे सुमारे ९५ हजार अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र ठरतात.

कमिशन किंवा दलालीचे उत्पन्न असणाऱ्यांना ही अनुमानित पद्धत लागू नाही. हिंगणघाटच्या बाजारात अडतीचा धंदा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांना प्रत्यक्ष खर्चाचाच हिशेब द्यावा लागतो. दहापेक्षा अधिक मालवाहू वाहने नसणाऱ्या वाहतूक व्यावसायिकांसाठी कलम ४४ एई आहे. त्यात साधारण मालवाहू वाहनामागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरले जाते, १२ टनांवरील जड वाहनांना टनामागे दरमहा १,००० रुपयांचा हिशेब आहे. स्वतःचाच माल वाहून नेणारा दुकानाचा टेम्पो यात बसत नाही.

आता जे रीतसर वह्या ठेवून प्रत्यक्ष नफ्यावर कर भरतात, त्यांच्याकडे वळू. इंधन, दुरुस्ती, विमा, चालकाचा पगार, टोल आणि वाहनकर्जावरील व्याज हे खर्च त्यांना मिळतात. येथे बँकेत बसून वर्षानुवर्षे पाहिलेली एक गोष्ट सांगतो. अनेकांच्या वहीत कर्जाचा संपूर्ण हप्ता खर्चाला टाकलेला असतो. हप्त्यातील मुद्दल म्हणजे घेतलेल्या पैशाची परतफेड, तो खर्च नव्हे. बँकेकडून वर्षाचे व्याज प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि तेवढीच रक्कम खर्चात धरावी. नवी करप्रणाली निवडल्याने ८० सी सारख्या सवलती जातात, परंतु व्यवसायाचे हे खर्च व नेहमीचा घसारा जात नाहीत.

गाडीची किंमत एकदम वजा होत नाही, ती घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू मिळते. स्वतःच्या व्यवसायातील मोटारीवर हा दर १५ टक्के आहे आणि भाड्याने चालवलेल्या टॅक्सी, बस व मालवाहू वाहनांवर ३० टक्के. ज्या वर्षी गाडी घेतली, त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर घसारा निम्माच मिळतो. आपल्याकडे गाडी मुहूर्त पाहून येते, म्हणून हा नियम मुहूर्तावरच ताडून पाहू. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी घेऊन कामाला लावलेल्या गाडीचे ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात, म्हणजे पूर्ण १५ टक्के. धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला आली, त्या गाडीला साडेसात टक्के. ८ लाखांच्या गाडीत हा फरक पहिल्या वर्षी ६० हजारांचा होतो. याउलट, १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्याला घेतलेली गाडी केवळ १३ दिवस वापरूनही निम्म्या घसाऱ्यास पात्र ठरते. मात्र ती त्या दिवसांत खरोखर व्यवसायासाठी धावली पाहिजे. हार घालून दारात उभी राहिलेली गाडी वापरात आली असे म्हणता येणार नाही. निम्मा घसारा म्हणजे उरलेला बुडाला असेही नव्हे, तो पुढील वर्षांत मिळत राहतो. म्हणून मुहूर्त जरूर पाहावा, फक्त फरक माहीत असावा.

खरी कसोटी पुढेच आहे. व्यवसायाचा हिस्सा किती, हे कसे ठरवायचे? अमेरिकेत स्वतंत्र व्यावसायिकांसाठी तेथील कर खाते मैलामागे दर ठरवून देते. २०२५ साठी तो ७० सेंट होता. व्यवसायाचे मैल मोजावेत आणि गुणाकार करावा. आपल्याकडे व्यापाऱ्यासाठी असा किलोमीटरचा ठरीव दर नाही. प्रत्यक्ष खर्च आणि त्याचे खरे प्रमाण हाच आपला मार्ग आहे.

एक उदाहरण घेऊ. वर्षभरात गाडी १५,००० किलोमीटर धावली, त्यांतील १०,५०० व्यवसायासाठी. प्रमाण ७० टक्के. इंधन १,२०,०००, दुरुस्ती २२,०००, विमा १८,०००, व्याज ३०,००० आणि घसारा ९०,००० मिळून एकूण २,८०,००० रुपये. वजावट १,९६,००० रुपयांची. उरलेले ८४,००० रुपये घरखर्च आहेत, ते मालकाच्या खाती नावे टाकावेत.

हे ८४ हजारही दुकानाच्या खर्चात ढकलले तर काय होईल? ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यापाऱ्याचा उपकर सोडून २५,२०० रुपये कर वाचल्यासारखा दिसेल. पण कलम २७० ए नुसार पुराव्याविना दाखवलेला खर्च हा उत्पन्नाची चुकीची माहिती देण्याचा प्रकार मानला जातो आणि त्यावर कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. म्हणजे दंडाचेच ५०,४००, शिवाय मूळ कर आणि व्याज. ज्याने प्रामाणिकपणे ७० टक्केच मागितले पण नोंद ठेवली नाही, त्यालाही धोका आहे. अशा वेळी अधिकारी स्वतःच्या अंदाजाने दहावा किंवा पाचवा हिस्सा कापतात आणि तो अंदाज खोडून काढायला आपल्या हाती काहीच नसते.

गाडी कोणाच्या नावे आहे, हाही आपल्या घरांतील नेहमीचा पेच. पेढी मुलाची, आरसी वडिलांच्या नावे. ‘आयकर आयुक्त विरुद्ध दिलीपसिंग सरदारसिंग बग्गा’ या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असे मानले की किंमत देऊन घेतलेले वाहन व्यवसायात वापरले असेल, तर केवळ परिवहन खात्यात नावनोंदणी नाही म्हणून घसारा नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये आयसीडीएस कंपनीच्या प्रकरणात भाडेपट्ट्यावर दिलेल्या वाहनांबाबत असाच दृष्टिकोन घेतला. मात्र या निर्णयांचा आधार घ्यायचा तर पैसे पेढीच्या खात्यातून गेलेले हवेत आणि गाडी पेढीच्या ताळेबंदात हवी. वडिलांनी स्वतःच्या बचतीतून घेतलेली गाडी मुलाच्या पेढीची होत नाही. सर्वांत निर्वेध वाट म्हणजे आरसी, कर्ज आणि वही या तिन्ही ठिकाणी एकच नाव.

काही खबरदारी थोडक्यात. एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो, वाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे. गाडीच्या किमतीपैकी अशी रोख दिलेली रक्कम घसाऱ्यातूनही वगळली जाते. वाहतूक पोलिसांचा दंड वजा होत नाही. सामान्य व्यापाऱ्याला १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवरील जीएसटीचा परतावा मिळत नाही, मालवाहू वाहनावरील मिळू शकतो. एकदा जीएसटीचा परतावा घेतला, तर त्याच रकमेवर घसारा मागू नये.

शेवटी बँकेच्या टेबलापलीकडची बाजू. खर्च फुगवून नफा आखडलेली विवरणपत्रे घेऊन मुलाच्या घरकर्जासाठी किंवा पेढीची मर्यादा वाढवण्यासाठी माणसे येत. तोंडी सांगितलेले उत्पन्न वेगळे, कागदावरचे वेगळे. बँक कागदावरच्या उत्पन्नावरच चालते. दोन-तीन वर्षे वाचवलेला थोडासा कर मग नामंजूर कर्जाच्या रूपाने महाग पडे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे यापुढे वरील कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील. २०२५-२६ चे विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचे आहे. आपल्या प्रकरणातील बारकावे सनदी लेखापालाला विचारावेत. पण त्याच्याकडे नेण्याची वही आपणच लिहायची असते. गाडीत एक साधी वही ठेवा. तारीख, निघतानाचे व परततानाचे मीटर, गाव आणि काम एवढे चार रकाने पुरेत. फास्टॅगचा उतारा आणि पंपाच्या पावत्या त्या वहीला दुजोरा देतील. वर्षाची पहिली नोंद राहून गेली असेल तर आजचे मीटर पाहून आजपासून सुरुवात करा.